आठ फुटी हौदा

४ फेब्रुवारी

म्हातारी अखेर बसली. चढाच्या मधोमध. मागे हौद्यात पोचवायची तीन दारं आणि आई, पुढे बाबा आणि दादा. मेकॅनिक आला, बॉनेट उघडून आत बघितलं आणि हळूच परत लावलं, डॉक्टर तोंडावर चादर ओढतात तसं. 'काका, महिनाभर ओढेल फार तर. त्यापुढे माझ्याकडे आणू नका, मला वाईट वाटतं.' एकवीस वर्षांची पिकअप. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. लहानपणी मी हिला बहीणच समजायचे.

जेवताना बाबा म्हणाले, 'नवी घ्यायचीच तर नीट विचार करून घेऊ.' मग माझ्याकडे बघितलं. 'तू शिकलेली आहेस. तूच सांग, किती फुटी हौदा घ्यायचा.'

दादाचा घास हातातच राहिला. 'गाडी घ्यायला पदवी लागते होय?'

लागते! पदवी घेऊन आल्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत घरात माझ्या शिक्षणाला मिळालेलं हे पहिलं काम. नाहीतर आहेच – 'शिकून भुसाच झाडायचा होता तर एवढी वर्षं घालवलीस कशाला?' हे शेजारच्या काकू. रोज. वर्गातल्या सगळ्या ऑफिसांत चिकटल्या. मी मुद्दाम परत आले. बाबांची दारं शहरातल्या कुठल्याही दारांपेक्षा चांगली असतात, फक्त धंदा डोळे मिटून चालतो. तो डोळे उघडून चालवायचा, एवढंच माझं म्हणणं.

६ फेब्रुवारी

पत्रकं आणली. आपल्या बेतात बसणाऱ्या गाड्या दोनच. एक – सहा फुटी हौदा, डबल केबिन, मागे आणखी एक सीट, पाच माणसं. दुसरी – आठ फुटी हौदा, साधी केबिन, दोन माणसं. दोन्हींची एकूण लांबी जवळजवळ सारखीच! म्हणजे प्रश्न सरळ आहे. तेवढ्याच जागेत माणसं न्यायची की माल.

दादाला अर्थात डबल केबिन. मित्रांना घेऊन हिंडायला. तसं म्हणत नाही. म्हणतो, 'आईपण बसेल की मागे, आरामात.'

आईची आठवण आत्ता झाली साहेबांना! इतकी वर्षं पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपा काढल्या, तेव्हा एकदा उठून म्हणाला नाहीस – आई, तू बस.

मी म्हटलं, आधी मोजू. मग बोलू. महिनाभर प्रत्येक खेपेची नोंद ठेवणार. वेगळी वही केली, रकाने आखले. माल, लांबी, बाहेर किती, बांधणी, शेरा.

७ फेब्रुवारी

टेप घेऊन म्हातारीच्या हौद्यात उतरले. म्हणायला सहा फुटी. मागचा फाळका बंद केला की आतून पाच फूट दहा इंच! दोन इंच कुठे गेले हे एकवीस वर्षांत कोणी विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

आज आईबरोबर मागे बसून गेले. मुद्दाम. नोंद नुसती कारखान्यात बसून होत नाही.

मालाची नोंद: चौकट, सव्वासात फूट. बाहेर जवळजवळ दीड फूट. बांधणी – दोर, आई.

आईची जागा ठरलेली आहे. केबिनला पाठ टेकून, खाली घडी घातलेलं पोतं. एक पाय चौकटीला रेटलेला, एक हात दोराच्या गाठीवर. दुसरा हात मोकळा – तो ठोकायला. मला हे माहीत होतं, पण शेजारी बसून कधी ऐकलं नव्हतं. टपावर एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे चला. आणि मागे घेताना ठक-ठक-ठक चालूच, ठोके थांबले की ब्रेक. बाबा गाडी मागे घेताना मान वळवतच नाहीत. आरशात बघावं तर आरशाचा स्क्रू ढिला, त्यात नेहमी आभाळच दिसतं. एकवीस वर्षं हा माणूस कानाने मागे येतोय!

एका वळणावर आईने एक ठोका मारला. समोर काहीच नव्हतं. मी विचारलं, कशाला? 'गाठ सरकली जराशी.' मला तर काही दिसलं नाही. तिला पायाला कळलं.

घरी आले तेव्हा केसांत धूळ, दातांखाली वाळू, कंबर कामातून गेलेली. आईचे गुडघे बावन्न वर्षांचे आहेत. शेऱ्यात लिहिलं – हे माणसाने बसायचं ठिकाण नाही.

गल्लीच्या तोंडाशी काचवाला भेटला. आमच्या कारखान्यासमोरच दुकान त्याचं, खिडक्यांच्या काचा बसवतो. त्याची काच पुन्हा वाटेत फुटली होती. नेहमीसारखा म्हणाला, 'वहिनी, तुमचा हात माझ्याकडे असता तर वर्षाला निम्म्या काचा वाचल्या असत्या.' बाबा खिडकीतून, 'ती आमच्याकडेच बरी आहे!' काचवाला म्हणाला, 'मिस्त्री, मी वहिनींना विचारलं.' आई ओठ दाबून हसली आणि टपावर तीन ठोके मारले.

१५ फेब्रुवारी

सतरा खेपा. चौदा वेळा माल बाहेर. एकदा मागच्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटला चौकट चाटून गेली. तो जे बोलला ते शेऱ्यात लिहिण्यासारखं नाही.

१९ फेब्रुवारी

शोरूम. विक्रेता दारातून जो दादाला चिकटला तो चिकटलाच. 'सर, डबल केबिन म्हणजे सर, फॅमिली पण आणि काम पण.' मला म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला रंग कोणता आवडतो?'

मी म्हटलं, रंग राहू द्या. आठ फुटीत फाळका बंद केल्यावर तळाशी आतून लांबी किती? चाकांच्या कमानींच्या मधे रुंदी किती? आठ बाय चारचा प्लायवूड आडवा, सपाट बसतो का?

मग बसली त्याची दातखीळ! आतून कोणालातरी बोलावलं. त्यालाही येईना. शेवटी मीच पर्समधून टेप काढली, चपला काढून हौद्यात चढले. लांबी सात फूट अकरा. कमानींच्या मधे चार फूट एक. प्लायवूड फाळका उघडून बसेल, एक इंच बाहेर. चौकट, दार – सगळं आत, सपाट.

दादा खालून, 'बघा, बघा. सून बघायला आल्यासारखी मोजतेय.'

बाबा फाळक्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, रंधा मारल्यावर लाकडावरून फिरवतात तसा. मग विक्रेत्याला म्हणाले, 'माझी मुलगी आहे. शिकलेली आहे.'

घरी येईपर्यंत मी बसच्या खिडकीतून बाहेरच बघत होते. रडू दिसू नये म्हणून.

२८ फेब्रुवारी

ठरलं! आठ फुटी!

जेवणं झाल्यावर वही उघडून सगळ्यांना वाचून दाखवलं. एकेचाळीस खेपा. तेहतीस वेळा माल बाहेर. आठ फुटीत यातल्या एकाही खेपेला धरायला माणूस लागला नसता. 'आणि मुख्य म्हणजे, आईला आता मागे बसावं लागणार नाही!' हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. पुढच्या दोन सीटवर बाबा आणि मी – गिऱ्हाइकाशी बोलणं, मापं घेणं माझ्याकडे. दादा इथे मशीनवर.

दादा उसळला. 'म्हणजे मला रंध्याला जुंपायचं आणि बाईसाहेब गावभर हिंडणार?'

'तू हिंडतोस कुठे? झोपतोस!'

'निदान माझ्या गाडीत आईला सीट होती.'

'तुझ्या मित्रांना होती. आईचं नाव पुढे करू नकोस.'

आई भांडी बाजूला ठेवून आली. हात पुसले. वही मागून घेतली. चौथीपर्यंत शिकलीय ती, बोट ठेवून वाचते. एकेक पान उलटत गेली. मला वाटलं आकडे बघतेय. एका जागी बोट बराच वेळ थांबलं. मग खाली आलं, पुन्हा थांबलं. बाबा म्हणाले, 'काय गं? पटतंय का?'

आईने वही मिटली, माझ्या हातात दिली. 'बरोबर लिहिलंयस.'

आई सहसा कोणाला बरोबर म्हणत नाही. आज माझे पाय जमिनीवर नाहीत.

१२ मार्च

गाडी आली. पांढरी. गल्लीत उभी केली तर काचवाल्याच्या पायरीपर्यंत पोचली. सगळे बघायला. आईने फाळका उघडला, हौद्यात हात घालून कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेली. 'ऐसपैस आहे,' म्हणाली. आणि आत गेली.

१४ मार्च

पहिली खेप. चार दारं, दोन चौकटी, सगळं कसं पुस्तकं रचून ठेवल्यासारखं. एक इंचही बाहेर नाही! दोर नुसता नावाला.

निघताना बघते तर आई पोतं काखेत घेऊन बाहेर येऊन उभी. सवय! मला हसू आलं. 'अगं आई, आता नको! आता आराम कर.' बाबांनी गाडी सुरू केली. मी आरशात बघितलं – आरसा नवा आहे, आभाळ नाही दिसत – आई तिथेच उभी होती. पोतं तसंच काखेत.

१७ मार्च

बाबा प्रत्येक वळणाला थबकतात. मान जराशी तिरकी करतात आणि मग जातात. 'काय झालं बाबा?' 'काही नाही.' मागचे लोक हॉर्न मारून जीव खातात. नवी गाडी आहे, हात बसायला वेळ लागणार.

१८ मार्च

दारांचं पॉलिश जागेवर आई करायची. आता मी करते. आज एका गिऱ्हाइकाकडे घरमालकीण दाराजवळ आली, ओघळाला बोट लावलं आणि म्हणाली, 'आई नाही का आल्या तुमच्या?'

म्हटलं, त्यांना आता आराम दिलाय.

'मागितला होता त्यांनी?'

लोकांना नसत्या चौकशा फार.

२१ मार्च

आईने या आठवड्यात माळा आवरला, डबे घासले, पुन्हा माळा आवरला. दुपारी कारखान्याच्या दारात पोतं टाकून बसते. मी म्हटलं, पडायचं जरा. 'पडून पडून किती पडू?'

दादा माझ्याशी बोलत नाही. मशीनवर मुद्दाम मोठमोठ्याने शिट्टी वाजवतो.

२४ मार्च

लिहावंसं वाटत नाही. पण हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिलेलं सगळं खोटं.

डॉक्टरीणबाईंचं पुढचं दार होतं. दोन पाखी, म्हणजे दोन झडपांचं, साडेसात फुटी, वर कोरीव वेल. बाबांनी पाच आठवडे स्वतःच्या हाताने कोरलं. दादाला हात लावू दिला नव्हता. आज पोचवायचं होतं.

फाटकातून गाडी मागे घ्यायची होती. बाबांनी रिव्हर्स टाकला आणि नुसते बसून राहिले. मान तिरकी. मी वहीत खिडक्यांची मापं उतरवत होते. म्हटलं, 'घ्या ना बाबा, जागा आहे.'

मी मान वर केली नव्हती. माझ्या बाजूच्या आरशात फाटकाचा खांब अख्खा दिसत होता. नंतर बघितलं तेव्हा दिसला.

म्हातारीच्या सवयीने मागे आले ते. ही मागून दोन फूट जास्त आहे. खांब फाळक्यात बसला, फाळका आत गेला, दारं केबिनवर आपटली. आवाज लाकडाचा होता. लाकडाचा तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. फुटलं की येतो तो.

एक पाखी वरपासून अर्ध्यापर्यंत उभी चिरली. वेलीतूनच गेली चीर.

बाबा खाली उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर. 'ठोका आला नाही,' म्हणाले. माझ्यावर चिडून नाही. स्वतःशीच. डॉक्टरीणबाई धावत आल्या, काय झालं, कोणाला लागलं का. त्यांनाही तेच सांगितलं. 'ठोका आला नाही.' बाई माझ्याकडे बघायला लागल्या, यांना काही झालंय का म्हणून.

घरी दादाने मशीन बंद केलं. चिरलेल्या पाखीकडे बघितलं. मला वाटलं आता तोंडसुख घेणार. घेतलंच. 'आठ फुटी! मोजून घेतली होती ना मॅडमनी?' मग वेगळ्याच आवाजात, 'डबल केबिन असती तर आई गाडीत असती.'

इतकी वर्षं चुकीचं बोलणारा माणूस नेमका आज बरोबर बोलला. हे मला दारापेक्षा जास्त लागलं. असं लिहायची लाज वाटते. पण तसंच आहे.

२५ मार्च

आईकडे गेले. पोत्यावर बसून बिजागऱ्या निवडत होती.

'आई, उद्यापासून चल ना.'

'कुठे?'

'गाडीत. मागे.'

'मागे कशाला? सपाट असतं ना सगळं आता. धरायचं काय?'

'बाबांना तुझ्या ठोक्याशिवाय येत नाही गं.'

'म्हणजे ठोकायला.' एक बिजागरी तिने या डब्यातून त्या डब्यात टाकली. 'धरायला नको, ठोकायला हवी.'

मी चूक कबूल केली. मी बघायला हवं होतं, मी न बघता घ्या म्हटलं. ती म्हणाली, 'ते दाराचं झालं. दार बाबा पुन्हा करतील.' आणि मग म्हणाली, 'वही आण तुझी.'

आणली.

'यात मला शोध.'

मला आधी कळलंच नाही. मग रकाने बघितले. माल, लांबी, बाहेर किती, बांधणी, शेरा. कोण गेलं, कोण कुठे बसलं – असा रकानाच नाही. आई आहे. तेहतीस वेळा आहे. बांधणीच्या रकान्यात. दोर, आई. दोर, आई. दोर, आई. प्रत्येक वेळी दोराच्या नंतर. माझ्याच सुवाच्य अक्षरात.

'आई, मी तसं म्हणून नव्हतं लिहिलं.'

'बरोबर लिहिलंयस. तेव्हाच म्हटलं ना मी.'

'मला तुझे गुडघे दिसत होते. तुला धुळीत बसावं लागू नये म्हणून –'

'ठाऊक आहे. चांगल्या मनाचीच आहेस.' अजून एक बिजागरी. 'आपलं एकूण एक दार माझ्या पायाला टेकून गेलं. कुठलं वळण, कुठला खड्डा, कुठल्या घरातली बाई रंगाला नाक मुरडते, सगळं मला ठाऊक. तुझ्या दादाला पुढे बसलेला बघायचे तेव्हा वाटायचं, जाऊ दे, त्याला कुठलं कळायला. तू कळती. सीट रिकामी झाली, तर तूही तिथेच जाऊन बसलीस. मला विचारलंस?'

मी माझ्या पदवीचं काय करू आता?

२६ मार्च

बाबांना सांगितलं – आईला पुढे बसवा. मी मागे बसते, नाहीतर घरी राहते.

बाबा खरोखर विचारात पडले. म्हणाले, 'पण पुढे बसून ती ठोकणार कशी?'

दादा हसला. मग मीही हसले. हसले मी! काय वाईट जमात आहोत आम्ही.

आई दारातच होती.

२७ मार्च

फाळका ठोकून सरळ केला. बंद होतो. खरवडलेला रंग तसाच.

२९ मार्च

बाबा पाखी पुन्हा कोरतायत. दादाने आपणहून लाकूड तासून दिलं. घरात बोलणं फक्त जेवायला हाक मारण्यापुरतं. दुपारी आई काचवाल्याच्या दुकानात गेली होती, बराच वेळ. विचारलं तर म्हणाली, 'बोलत होते.'

१ एप्रिल

आज गाडी मागे घेताना मी खाली उतरून उभी राहिले. 'या, या, या, बस' – घसा फोडून. बाबांनी प्रत्येक 'या' ला ब्रेक मारला. मग काच खाली करून म्हणाले, 'बोलू नकोस गं. काही कळत नाही.'

२ एप्रिल

सकाळी काचवाल्याची गाडी दारात येऊन थांबली, मागे काचा उभ्या लावलेल्या. काचवाला उतरला, स्वतःच्या हाताने पुढचं दार उघडून उभा राहिला. 'चला वहिनी.' आई चपला घालून बाहेर आली. पोतं घेतलं नाही. पुढे बसली. बाबा रंधा हातात घेऊन कारखान्याच्या दारात आले, दादाने मशीन बंद केलं. कोणी काही विचारायच्या आत आईने खिडकीतून हात बाहेर काढला, टपावर तीन ठोके मारले, आणि गाडी निघाली.